औषध शोधण्याचा खर्च एकट्या कंपनीचा नसतो

मिरजेतील औषधांच्या दुकानांत कर्करोगाच्या इंजेक्शनाचे बिल पाहून हबकलेल्या नातेवाइकांना ‘संशोधनाचा सगळा खर्च कंपनीच करते, म्हणून औषध महाग’ असे वर्षानुवर्षे ऐकवले जाते. ते अर्धसत्य आहे.

पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाचेच पाहा. ज्या यू वृक्षाच्या सालीतून ते मिळाले, ती साल १९६२ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शोधमोहिमेत गोळा झाली आणि तिच्यातील रेणूची रचना मन्रो वॉल व मनसुख वाणी (हे आपल्या नंदुरबारचे) यांनी सरकारी निधीवरच उलगडून १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णांवरील पहिल्या चाचण्याही सरकारी पैशावरच झाल्या. ब्रिस्टल-मायर्स स्क्विब ही कंपनी १९९१ मध्ये करार करून आली. डिसेंबर १९९२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली.

म्हणून खासगी गुंतवणूकदार काहीच करत नाहीत, असेही नव्हे. मोठ्या चाचण्या, परवाने आणि कारखान्यातील उत्पादन यांवर प्रचंड पैसा लागतो आणि मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेली बहुतेक औषधे अपयशी ठरत असल्याने तो बुडण्याची जोखीमही खरीच असते. मात्र २००२ पर्यंत या औषधाची विक्री ९ अब्ज डॉलरवर गेली असताना सरकारी संस्थेला स्वामित्वधन मिळाले सुमारे साडेतीन कोटी डॉलर. ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.