सपोर्ट संपला, पण संगणक चालूच आहे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टने तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे संगणक रोजच्यासारखेच सुरू झाले. फायली उघडल्या, प्रिंटर चालला. त्यामुळे सपोर्ट संपणं ही कंपनीची नुसती विक्रीची युक्ती आहे, असा समज सहज होतो. त्यात थोडं तथ्य असेलही, पण धोका खरा आहे. जुनी सिस्टीम होती तशीच राहते. तिच्यातल्या चुकांबद्दल इतरांना जे माहीत असतं, ते मात्र दर महिन्याला वाढत जातं.

ते कसं वाढतं, हे समजण्यासारखं आहे. नवी आवृत्ती कोऱ्या पाटीवर लिहिलेली नसते. विंडोज ११ मधला बराचसा कोड विंडोज १० मधून आलेला आहे आणि त्याबरोबर जुन्या चुकाही आल्या आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट त्यांवर पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढते. समजा, फाइलचं नाव मेमरीतल्या ठरावीक जागेत उतरवून घेणारं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा भाग, आहे. जागा २६० अक्षरांची आहे, पण येणारं नाव केवढं आहे हे फंक्शन तपासतच नाही. ३०० अक्षरांचं नाव आलं की शेवटची ४० अक्षरं शेजारच्या जागेत सांडतात. पुढे कोणती आज्ञा चालवायची याचा पत्ता नेमका तिथे असेल, तर हल्लेखोर त्यावर आपला पत्ता लिहू शकतो. दुरुस्ती एवढीशीच: लांबी २६० हून जास्त असेल तर नकार द्या.

हा पॅच विंडोज ११ साठी बाहेर पडला की पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल कुणालाही शेजारी ठेवून पाहता येते. बिनडिफसारखी साधनं दोन्हींतली फंक्शनं जुळवून दाखवतात. शेकडो फंक्शनं जशीच्या तशी असतात आणि एकात एक तुलना वाढलेली दिसते. मूळ चूक कुठे होती, ते तिथेच उघडं पडतं. तीच चूक सपोर्ट संपलेल्या आवृत्तीत असेल, तर तिथे ती बुजवायला कुणी येणार नाही.

२०१७ चं वॉनाक्राय प्रकरण यासाठी नीट पाहावं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा आणि नेटवर्कवरून आपोआप पसरणारा हा किडा होता. फाइल शेअरिंगच्या एसएमबी-१ या जुन्या प्रोटोकॉलमधल्या चुकीवर १४ मार्चला पॅच आला, पण तो सपोर्ट चालू असलेल्या आवृत्त्यांना. १२ मे रोजी हल्ला सुरू झाल्यावर मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीही तातडीने पॅच काढला. गंमत अशी, की फटका सर्वाधिक बसला तो विंडोज ७ ला. तेव्हा तिचा सपोर्ट चालू होता, पण दोन महिने पॅच बसवलेलाच नव्हता. एक्सपीवर तो किडा बऱ्याचदा पसरण्याऐवजी निळा पडदा दाखवून मशीनच बंद पाडत असे. अपडेट बंद करून ठेवलेला नवा संगणक आणि सपोर्ट संपलेला जुना संगणक, हल्लेखोराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

‘अँटिव्हायरस आहे ना!’ हे उत्तर पुरत नाही. अँटिव्हायरस त्याच सिस्टीमच्या आधारावर उभा असतो. कर्नेलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, चुकीतून सर्वोच्च अधिकार मिळालेला प्रोग्राम सर्वात आधी त्यालाच गप्प करतो. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या व्हायरस-व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणा, विंडोज १० ला २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, पण व्याख्या ताज्या असल्या म्हणून भगदाड बुजत नाही.

दुसरी पडझड सावकाश होते आणि तीच आधी जाणवते: वेबसाइट उघडेनाशा होतात. वेबसाइटशी होणारं बोलणं एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल म्हणजे टीएलएस. एक्सपीमध्ये अंगभूत असलेलं टीएलएस १.० च्या पुढे जात नाही आणि आजचे बहुतेक सर्व्हर किमान १.२ मागतात. तरी त्याच मशीनवर फायरफॉक्स ५२ काही साइट उघडून दाखवतो, कारण फायरफॉक्स एन्क्रिप्शनचा कोड आणि साइटची ओळख पटवणाऱ्या विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर घेऊन येतो. अर्थात त्या आवृत्तीचे अपडेटही २०१८ मध्येच थांबले. विंडोज ७ साठी क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. जुन्या मशीनवर एकदम सगळ्याच साइट प्रमाणपत्राची तक्रार करू लागल्या, तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून सुरूच न झालेलं’ ठरतं. बॅटरी बदला, तारीख लावा. इशारा डावलून पुढे जाण्याची सवय मात्र लावून घेऊ नका.

आता करायचं काय? विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे आवृत्ती पाहा. ती २२एच२ असेल तर अपडेटच्या पानावर ईएसयू म्हणजे वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणीचा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करावं लागतं आणि वैयक्तिक संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते. ही सवड आहे, तोडगा नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही तपासणी चुकवून ती बसवता येते, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतील याची हमी नाही. ब्राउझर आणि कागदपत्रं एवढंच काम असेल तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम, डिस्कला हात न लावता, आधी चालवून बघता येते. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालला की निम्मी शंका मिटते.

खरी अडचण येते ती यंत्राला जोडलेल्या संगणकाची. स्कॅनर, लेथ, सूक्ष्मदर्शक अशा उपकरणांचा ड्रायव्हर एक्सपीपुढे कधी लिहिलाच गेलेला नसतो. तिथे नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बायॉसमधूनच (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) बंद करा, ऑटोरन म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालणं बंद करा आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरा. फायली बाहेर न्यायच्याच असतील, तर एक चूक हमखास होते. एक्सपीला एसएमबी-१ सोडून दुसरी भाषा येत नाही, म्हणून कुणीतरी मुख्य फाइल सर्व्हरवरच एसएमबी-१ चालू करून देतं आणि एका जुन्या मशीनपायी सगळ्यांची तटबंदी उतरते. त्यापेक्षा मध्ये दोन नेटवर्क पोर्ट असलेला छोटा लिनक्स संगणक ठेवा. एका पोर्टवर फक्त एक्सपी आणि एसएमबी-१, दुसऱ्यावर बाकीचं नेटवर्क आणि एसएमबी-३. पोर्टांमधलं फॉरवर्डिंग, म्हणजे एकाकडचा डेटा थेट दुसऱ्याकडे जाणं, बंद ठेवा.

इंटरनेट लागतच असेल तर ते मशीन राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) ठेवा, दुरून संगणक चालवू देणारं रिमोट डेस्कटॉप बंद करा आणि त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.

यंत्र फक्त सॉफ्टवेअरसाठी अडलं असेल, तर जुनी सिस्टीम उचलून नव्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, ठेवणं सर्वात चांगलं. त्यासाठीच्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये नेटवर्क ‘नॉट अटॅच्ड’ ठेवायचं आणि काही बिघडलं तर स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर, परतायचं. पहिल्याच बूटला निळ्या पडद्यावर शेवटी ७बी असलेला कोड आला, तर डिस्क कंट्रोलर चुकला आहे. साटाऐवजी आयडीई हा जुना प्रकार निवडला की एक्सपी बहुतेक वेळा सुरू होते. हार्डवेअर बदललेलं पाहून ती पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकते.

मूळ मशीनच चालवायचं असेल तर व्हायरसच्या आधी पंधरा वर्षं फिरणारी हार्डडिस्क दगा देण्याची शक्यता मोठी. क्लोनझिला या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून मशीन खरंच बूट होतं का ते पाहा. एसएसडीवर जाताना आणखी एक खोच आहे. एक्सपी पहिलं पार्टिशन (डिस्कचा विभाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. सेक्टर ५१२ बाइटचा, तर एसएसडीचा कप्पा ४,०९६ च्या पटीत धरा. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६, आणि याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे डिस्कचा प्रत्येक छोटा तुकडा एसएसडीच्या दोन कप्प्यांवर अर्धा-अर्धा बसतो आणि एका लिखाणाचं काम दुप्पट होतं. जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रामने पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरवर सरकवा. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणं, येत नाही, म्हणून एसएसडीचा दहा-पंधरा टक्के भाग पार्टिशन न करता मोकळाच सोडा.