२० ला ७५ ने गुणलं की डेली लाइन मिळते?

बोरिवली लोकलमध्ये परवा परत तेच ऐकलं, की शेअरच्या ५ मिनिटांच्या चार्टवर डेली २० चा ॲव्हरेज (२० दिवसांच्या बंद भावांची, म्हणजे क्लोजची, सरासरी) हवा असेल तर दिवसाच्या ७५ कॅन्डल (दर ५ मिनिटांच्या भावाची एक पट्टी), म्हणून २० गुणिले ७५, पिरियड १५०० टाका, झालं. नाही हो, तसं नसतं!

बाजार ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटं, ७५ कॅन्डल, इथपर्यंत हिशोब बरोबर. पण डेली ॲव्हरेज फक्त २० क्लोजिंग मोजतो आणि १५०० वाला दिवसभरातल्या प्रत्येक कॅन्डलचा क्लोज मोजतो, त्यामुळे लाइन जवळपास दिसली तरी आकडा वेगळा, आणि आरएसआयला (भावाचा जोर मोजणारा इंडिकेटर) तर ही युक्ती अजिबातच लागू होत नाही.

ॲमीब्रोकर या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉर्म्युल्यात टाइमफ्रेमसेट हे फंक्शन वापरून डेलीवर जा, तिथे ॲव्हरेज काढा, टाइमफ्रेमरिस्टोर करून ५ मिनिटांवर परत या आणि मग डेली आकडे ५ मिनिटांच्या कॅन्डलवर पसरवायला टाइमफ्रेमएक्सपांड लावा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग डेली आकडे ५ मिनिटांच्या भलत्याच कॅन्डलसमोर बसतात.

आता खरी गोची. एक्सपांडमध्ये काहीच निवडलं नाही तर एक्सपांडलास्ट असतं, म्हणजे आजचा डेली आकडा दिवसाच्या शेवटच्या कॅन्डलपासून दिसतो. लाइन छान दिसते म्हणून कोणी एक्सपांडफर्स्ट लावतं, की सकाळी ९:१५ च्या कॅन्डललाच ३:३० चा क्लोज माहीत! बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) झकास येतो, आणि त्या भरवशावर लोक खरे पैसे लावतात, याचंच मला फार वाईट वाटतं. आधी तुमच्या फॉर्म्युल्यात एक्सपांडफर्स्ट हा शब्द शोधा, प्लीज.