डबक्यातून जीव, जीवातून जाणीव?

निर्जीव दगड-पाण्यातून जीव कसा झाला हा विषय निघाला की लोक लगेच समुद्राच्या तळाकडे बोट दाखवतात. पण सध्या एक जोरदार मत असं आहे की सुरुवात जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या डबक्यांत झाली, म्हणजे आपल्या अडावदजवळ उनपदेवला आहे तसं गरम पाणी, फक्त हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाही आणि आजूबाजूला गवताची काडीपण नाही. (उनपदेवलाच झालं असं कुणी पसरवू नका भो, खान्देशचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांचा आणि पृथ्वीवर जीव किमान साडेतीन अब्ज वर्षांपासून!)

कच्च्या मालाची अडचण नाहीच. १९५३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टॅनली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो ॲसिड (ज्यांची साखळी म्हणजे प्रोटीन) मिळवल्याचं छापलं, आणि १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली त्यातपण अमिनो ॲसिड निघाली. घोडं अडतं ते पुढे.

अमिनो ॲसिड काय किंवा आरएनएचे (डीएनएचा भाऊबंद रेणू) तुकडे काय, त्यांची साखळी जोडताना दर जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि चहूबाजूला पाणीच असेल तर जोड होणं अवघड, उलट झालेले जोडच तुटतात. म्हणून समुद्र मला फारसा पटत नाही. डबकं मात्र आटतं. मे महिन्यात ४५ च्या उन्हात नाल्यातलं पाणी आटून गाळाचा पापुद्रा उरतो आणि पावसाने परत भिजतो, तसंच काहीसं तिथं पुन्हा पुन्हा. सुकलं की रेणू दाटीने जवळ येऊन जोडले जातात, भिजलं की चरबीसारखे रेणू आपोआप बारीक बुडबुडे करतात आणि साखळ्या आत अडकतात. शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅबमध्ये असं ओलं-सुकं करून आरएनएसारख्या साखळ्या मिळवल्यात. बरेचसे बुडबुडे फुटणार, पण ज्याच्या आतला माल त्याला टिकवतो तो उरणार, इथूनच निवड सुरू. आणि आरएनए माहितीही साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, याच शोधाला १९८९ चं नोबेल मिळालं. म्हणजे सगळं हळूहळू, एकेका पायरीने; त्यामुळे जीव नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हे विचारणंच मला फोल वाटतं.

जाणिवेचं प्रकरण जास्त चिवट. ई. कोलाय बॅक्टेरियाला मेंदू नाही, तरी तो आत्ताचं खाणं आणि काही सेकंदांपूर्वीचं खाणं यांची तुलना करून जिकडे जास्त तिकडे पोहतो, आणि ही आठवण असते कुठं तर प्रोटीनला चिकटलेल्या मिथाइल गटांत (कार्बन-हायड्रोजनचे बारके तुकडे), बस. त्याला साखर गोड लागते का? मला नाही वाटत. सी. एलेगन्स नावाच्या एक मिलिमीटरच्या किड्यात ३०२ न्यूरॉन (मज्जापेशी), त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ लाच छापून आलाय, तरी त्याला काही वाटतं का हे त्या नकाशावरून सांगता येत नाही. माणसाचे तर सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन.

मग काय, आत्मा वेगळा मानायचा? मला तरी भूल देण्याकडे बघून तसं वाटत नाही. झेनॉन हा वायू सहसा कशाशीही रिॲक्शन करत नाही, पण तो पुरेसा हुंगवला की माणसाची जाणीव बंद, हृदय चालू, पेशी जिवंत, आणि वायू थांबवला की काही मिनिटांत माणूस परत बोलायला लागतो. नुसत्या वायूने जाणीव बंद-चालू होते, म्हणजे ती शरीराच्याच कामातून येत असावी.