आधी तरंगणे, मग हात मारणे

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेला की पोहण्याच्या शिबिरांना गर्दी होते. पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: सुट्टी संपेपर्यंत पोराला फ्रीस्टाइल येईल ना? खरे तर विचारायला हवे ते असे की, पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी अचानक खोल पाण्यात पडला, तर वर येऊन, श्वास घेऊन, काठ गाठून स्वतःच्या बळावर बाहेर निघेल का? शिबिराच्या तलावाला शिडी असते, कडेला लक्ष ठेवणारा माणूस असतो. शहराची हद्द ओलांडली की भेटते ते पाणी विहिरीचे, शेततळ्याचे, कालव्याचे, सीनेचे नाहीतर भीमेचे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार भारतात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. सोलापुरातल्या पोहण्याच्या वर्गाने पोरांना या पाण्यासाठी तयार करायला हवे.

सुरुवात श्वासापासून करावी लागते, कारण माणूस तरंगतो तो मुख्यतः छातीतल्या हवेवर. छाती भरून श्वास घेतला की बहुतेकांच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी होते आणि पूर्ण सोडला की किंचित जास्त. हा सगळा फरक फुप्फुसातल्या तीन-चार लिटर हवेचा. सत्तर किलोच्या माणसाला छाती भरलेली असताना पाणी त्याच्या वजनापेक्षा जेमतेम दोन-तीन किलो जास्त उचलते. डोके एकटेच चार-पाच किलोचे. ते पाण्यात टेकलेले असते तोवर पाणीच त्याचा भार घेते. घाबरून मान वर ताणली की तो भार उरलेल्या शरीरावर पडतो, शिल्लक उचल संपते, कंबर आणि पाय खाली जातात आणि माणूस पाण्यात उभा होतो. त्यात ओरडला तर छातीतली हवाही जाते.

पाय आधी का बुडतात, याचे उत्तरही इथेच आहे. पाण्याची उचल छातीपाशी एकवटते, तर शरीराच्या वजनाचा मध्य बेंबीच्या खाली असतो. दोन्हींमधले अंतर कमी केले की शरीर आडवे राहते. हात डोक्यामागे लांब केले तर वजनाचा मध्य छातीकडे सरकतो, गुडघे सैल वाकवले तर आणखी थोडा. सडपातळ, काटक पोरांचे पाय तरीही खाली जातात. त्यांना घोट्यापासून हलके पाय मारायला सांगावे. ‘तुला तरंगताच येत नाही’ असे कधीच म्हणू नये.

म्हणून पहिले काही दिवस हात मारणे शिकवूच नये. कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे, वर येऊन फक्त श्वास घ्यायचा. नवशिके पोर पाण्यात श्वास रोखून धरते, वर आल्यावर आधी सोडते आणि मग घ्यायला जाते. तोवर डोके पुन्हा खाली गेलेले असते. चार हात मारून धाप लागते ती दम कमी म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. पुढची पायरी पाठीवर तरंगण्याची: कान पाण्यात, नजर आकाशाकडे, पोट वर. शिकवणाऱ्याचा तळहात पाठीच्या वरच्या भागाखाली असावा आणि पोर सैल पडेल तसतसा आधार बोटाबोटाने काढत न्यावा. मान धरून ठेवली तर मान ताठच राहते. मग भिंतीला पाय लावून तीराप्रमाणे सरकणे, पोटावरून पाठीवर वळणे आणि पाय मारणे. हे जमले की हात फार लवकर येतात.

चार ते सहा पोरांमागे एक शिकवणारा लागतो. लहानग्यांचा तास अर्ध्या तासाचा पुरे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढते, त्यामुळे बाहेर ऊन तापलेले असूनही सात वर्षांचे पोर कुडकुडू लागते, आणि कुडकुडणारे पोर काही शिकत नाही. फिट येणाऱ्या पोराला मनाई करण्याची गरज नाही. मात्र फक्त त्याच्यावर डोळा ठेवणारा एक माणूस हाताच्या अंतरावर हवा.

गावाकडे पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून विहिरीत शिकवायची रीत आहे. त्यामागचा हिशेब अचूक आहे: पाठीवरची उचल धड आडवे ठेवते आणि हात मोकळे राहतात. बाजारातले दंडावरचे फुगे याच्या उलट काम करतात. त्यांनी पोर पाण्यात उभे राहते, म्हणजे बुडताना जी स्थिती होते नेमकी तीच सवयीची होते. डब्याचा दोर सुटू शकतो, झाकण गळू शकते, म्हणून तो शिकण्याचे साधन समजावा, जीव वाचवण्याचे नव्हे.

पोर ‘शिकले’ असे कधी म्हणावे? डोक्यापेक्षा खोल पाण्यात उडी मारून वर यायचे, एक मिनिट जागेवर तरंगायचे, पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधायची, तिथपर्यंत साधारण २५ मीटर जायचे आणि शिडी न धरता बाहेर पडायचे. हे पाचही एका दमात, न थांबता. पुढे तेच शर्ट-पँटमध्ये करून घ्यावे. भिजलेले कपडे पाण्यात असताना फारसे खाली ओढत नाहीत, पण हात उचलताना अडवतात आणि काठावर चढताना एकदम जड होतात. हे आधी अनुभवलेले पोर त्या क्षणी गोंधळत नाही.

बाहेर पडणे हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात सर्वांत महत्त्वाचा. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्षपट्ट्यात जागोजागी अस्तरीकरण केलेली शेततळी आहेत. त्यांचा आतला उतार बऱ्याचदा एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा असतो. एवढ्या उतारावर पाय न घसरता टिकायला घर्षणाचा गुणांक १ तरी लागतो. ओल्या, शेवाळलेल्या प्लॅस्टिक कागदावर तो याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे उत्तम पोहणाराही काठाला येऊन चढू शकत नाही, खरडत राहतो आणि थकून बुडतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. उपाय स्वस्त आहे. अंगठ्याइतका जाड नायलॉनचा दोर घ्या, दर फूट-सव्वा फुटावर गाठ मारा, वरचे टोक बांधावर पक्क्या रोवलेल्या खांबाला बांधा आणि खालचे टोक तळापर्यंत सोडा. चारही बाजूंना एकेक. उन्हाने नायलॉन कुजतो, म्हणून दरवर्षी जोर लावून ओढून पाहा. तळ्याभोवती कुंपण आणि कुलूप असलेले फाटक हवेच. दोर नसलेल्या तळ्यात पडलेच, तर चढायची धडपड न करता पाठीवर तरंगत हाक मारत राहायचे.

विहिरीचा धोका वेगळा. मे महिन्यात पातळी किती खाली गेली आणि कोणता खडक वर आला, हे वरून कळत नाही. मागच्या वर्षी जिथे सूर मारला, तिथेच यंदा मान मोडू शकते. नऊ फुटांपेक्षा कमी पाण्यात नवशिक्याने डोके पुढे करून उडी मारूच नये. पोरांच्या तळ गाठण्याच्या, श्वास रोखण्याच्या पैजाही बंद कराव्यात. पैजेआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ‘श्वास घे’ हा इशारा उशिरा येतो, आणि त्याआधीच ऑक्सिजन संपून पोर पाण्याखाली बेशुद्ध पडते. अशात पट्टीचे पोहणारेही जातात.

भीमेत तर पाणी बदलत राहते. उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपुरात चंद्रभागा चढते, आणि वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यापुढे एकदम खड्डा लागतो. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी मांडीपर्यंत उभ्या माणसाला साधारण १५ किलोच्या जोराने ढकलत असेल, तर वेग दुप्पट होताच तो जोर ६० किलोंवर जातो.

बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो हा समज घातक आहे. प्रत्यक्षात तो गप्प असतो: तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागे, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत, पाय थांबलेले. ही अवस्था २० ते ६० सेकंदांची. म्हणून लक्ष ठेवणाऱ्याने आपला सगळा भाग दर दहा सेकंदांनी नजरेखालून घालावा आणि पुढच्या वीस सेकंदांत कुठेही पोचता येईल अशा जागी उभे राहावे. अर्ध्या तासाने माणूस बदलावा. शिकवणाऱ्यावरच हे काम टाकू नये. त्याची नजर एकाच पोरावर असते. पालकांच्या हातातला फोनही त्या वेळी बाजूलाच हवा.

मदतीसाठी पाण्यात उडी घेणे हा शेवटचा पर्याय. आधी काठावर पालथे पडून काठी, धोतर, ओढणी, जे असेल ते पुढे करावे. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाच किलोच्या आसपास उचल देतो. डोके वर ठेवायला तेवढी पुरते. त्यात अर्धा लिटर पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही. पंधरा मीटर दोर बांधलेला असा कॅन प्रत्येक विहिरीवर टांगलेला असावा आणि वर्गात पोरांकडून तो फेकून घ्यावा.

तलाव चालवणाऱ्यांसाठी थोडे पाण्याबद्दल. २५ बाय १२.५ मीटरच्या, सरासरी दीड मीटर खोलीच्या तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले तरी तीन हजार लिटरांहून अधिक भरावे लागते. मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ राखावा. १ मिलिग्रॅम वाढवायला ६५ टक्के क्लोरीनची पावडर साधारण ७२० ग्रॅम लागते. ती बादलीभर पाण्यात विरघळवून, पोरे बाहेर पडल्यावर, सूर्यास्तानंतर टाकावी. पावडर पाण्यात घालायची. पावडरीवर पाणी कधीही ओतायचे नाही. भर उन्हात उघड्या तलावातला निम्मा क्लोरीन तासाभरात उडू शकतो. सायन्युरिक आम्ल लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम असले की तो टिकतो. फार वाढले तर क्लोरीनच मंदावतो. पीएच ८ झाला की जंतू मारणारा अंश एक चतुर्थांशावर येतो, मग कितीही पावडर टाका. डोळे चुरचुरणे आणि उग्र वास ही जास्त क्लोरीनची खूण नाही. घाम, लघवी आणि केसांचे तेल यांच्याशी क्लोरीन बांधला गेल्याची ती खूण आहे, म्हणून उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची करावी. सर्वांत खोल भागातली तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी तलाव बंद. गढूळ पाण्यात तळाशी गेलेले पोर कुणालाच दिसत नाही.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबणे, पाय धरून उलटे करणे, गरागरा फिरवणे यातले काहीही करू नये. पोटातले पाणी उलटीवाटे फुप्फुसात जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. ऑक्सिजनवाचून मेंदू चार ते सहा मिनिटेच तग धरतो. फोन स्पीकरवर ठेवून १०८ लावावा. माणसाला उताणे झोपवून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाब, नंतर दोन श्वास, पुन्हा ३० दाब, मदत येईपर्यंत. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे, लहान मुलाची जाडीच्या एक तृतीयांश. शुद्धीवर आला आणि बोलू लागला, तरी खोकला किंवा धाप असेल तर त्याला घरी पाठवू नये. फुप्फुसाला सूज पुढच्या सहा-आठ तासांतही चढते, तेवढा वेळ तो दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवा.