अपघातातील जखमींसाठी भरपाईचा दावा: नागपुरात अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती, वकील कसा मिळवायचा

अपघाताचा दावा कोर्टात चालतो, पण तो किती टिकेल हे बरंचसं पहिल्या पंधरवड्यातल्या कागदांवरून ठरतं. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, ‘कसं झालं?’ घाबरलेला भाऊ सांगतो, ‘गाडीवरून पडला.’ तेच एमएलसीच्या, म्हणजे पोलिस प्रकरण म्हणून रुग्णालयात होणाऱ्या नोंदीच्या कागदावर उतरतं. पुढे साक्षीच्या वेळी समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो आणि विचारतो, मग धडक दिली कोणी? म्हणून मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की खासगी दवाखाना, धडक बसली असेल तर तसंच सांगा आणि गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला लावा.

ज्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला, तिथून एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या. नियमानुसार पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. पण तेवढ्यावर विसंबून स्वतःचा अर्ज टाळू नका. आणखी एक, चालकावरचा फौजदारी खटला आणि तुमचा दावा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. चालक तिकडे सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप बुडत नाही.

अर्ज कुठे आणि कधीपर्यंत

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे होतो, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली जखमी व्यक्ती स्वतः, आणि मृत्यू झाला असेल तर वारस अर्ज करू शकतात. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी (ज्याच्यावर दावा आहे तो) जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. अपघात यवतमाळजवळ झाला असला तरी नागपूरच्या रहिवाशाने तारखांना तिकडे चकरा मारायची गरज नाही.

1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. प्लास्टर निघेपर्यंत थांबू म्हणता म्हणता चार महिने सहज जातात.

रक्कम कशी ठरते

चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. ऐकायला बरं वाटतं, पण इथे एक खोच आहे: ही रक्कम स्वीकारली की कलम 166 चा दावा संपतो. विमा कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

फरक किती पडतो ते बघा. पारडीचा 34 वर्षांचा सुतार आहे असं धरा. महिन्याची कमाई 15 हजार, उजव्या हाताची पकड गेली आणि काम करण्याची क्षमता 30 टक्के घटली. वर्षाचे 1,80,000, त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,52,000. त्याचे 30 टक्के 75,600. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; या वयाला तो 16, म्हणजे 12,09,600 रुपये. उपचारखर्च, वेदना आणि बुडालेली मजुरी वेगळी. तीच दुखापत बैठं काम करणाऱ्याला झाली तर टक्के कमी धरले जाऊ शकतात, कारण कोर्ट नुसतं अपंगत्व बघत नाही, त्याने कमाई किती मारली ते बघतं. स्वतःचीही चूक असेल तर तिच्या प्रमाणात रक्कम कापली जाते.

कागदपत्रं

एफआयआर, पंचनामा, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. बिलं मूळ ठेवा. मेडिक्लेमसाठी मूळ बिलं द्यावी लागली तर आधी रुग्णालयाकडून शिक्का मारलेल्या प्रती घ्या. आधार, पॅन आणि बँक पासबुकही लागेल. समोरच्या गाडीची आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) व विमा पॉलिसी पोलिसांच्या कागदांत असते. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून विमा चालू आहे का, हे आधीच बघता येतं. खरी अडचण कमाईच्या पुराव्याची. पगारपत्रक नसेल तर बँक खात्यातल्या नोंदी, मालकाचं पत्र, गुमास्ता परवाना, जे असेल ते जोडा, आणि पत्र देणारा साक्षीला येईल का तेही विचारून ठेवा.

वकील

रुग्णालयाच्या दारात ‘क्लेम करून देतो, मिळेल त्यातले इतके टक्के’ म्हणणारे भेटतात. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं वकिलाला मनाई आहे, आणि गिऱ्हाईक शोधत फिरणंही. कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका.

फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं लागतं. साधा अर्ज, ओळखपत्र आणि लागू असेल तो दाखला न्यायचा. फोनसाठी 15100.

गाडी पळून गेली असेल तर

‘हिट अँड रन’साठी वेगळी योजना आहे: गंभीर दुखापतीला 50 हजार, मृत्यूला दोन लाख. अर्ज जिथे अपघात झाला तिथल्या तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. याशिवाय 2025 च्या कॅशलेस योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार होतो. दाखल करतानाच विचारा.

निकाल पटला नाही तर 90 दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अपील करता येतं. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून निकाल लागताच वकिलाकडून प्रत मागून घ्या.