परत परत येणारा पेशंट

रात्री दोनच्या सुमारास इमर्जन्सी विभागात एका माणसाला आणलं जातं. कपाळावर खोक, तोंडाला दारूचा वास, बोलणं अडखळत. ड्यूटीवरच्या नर्सला त्याचं नाव विचारावं लागत नाही, कारण महिन्याभरातली ही त्याची तिसरी खेप. खोक शिवतात, सलाइन लावतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘प्यायलाय, झोपू द्या. सकाळी उतरली की सोडून देऊ.’ बहुतेक वेळा तसंच होतं. सकाळी तो उठतो आणि आपल्या पायांनी चालत घरी जातो. त्यानंतरच्या वर्षात त्याचं काय होतं, हे पाहायला आता आकडे उपलब्ध आहेत, आणि ते अस्वस्थ करणारे आहेत.

कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात दारूशी संबंधित कारणाने वर्षभरात किमान दोनदा इमर्जन्सीत आलेल्या २५,८१३ लोकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पुढच्या एका वर्षात त्यांच्यापैकी ५.४ टक्के लोक मरण पावले होते, म्हणजे अठरा-एकोणीस जणांमागे एक. दोनदा आलेल्यांमध्ये हे प्रमाण ४.७ टक्के होतं. पाच किंवा जास्त वेळा आलेल्यांमध्ये ते ८.८ टक्क्यांवर गेलं. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांत ४५ ते ६४ या वयोगटातले आणि गरीब वस्त्यांमधले लोक अधिक होते. म्हणजे म्हातारपणाने गेलेली ही माणसं नव्हती.

माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ४.७ आणि ८.८ यांमधलं अंतर. खेपांची संख्या हे आजाराच्या तीव्रतेचं मोजमाप आहे, रक्तदाब किंवा ताप मोजावा तसं. छातीत दुखतंय म्हणून महिन्यात तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला कोणी ‘हा तर नेहमीचाच’ म्हणून सोडत नाही. तिसरी खेप म्हटल्यावर डॉक्टर जास्त सावध होतात, दाखल करून घेतात. दारूच्या बाबतीत मात्र खेपा वाढत जातात तसतशी काळजी पातळ होत जाते, आणि धोका नेमका त्याच वेळी वाढत असतो.

इथे शब्दाबद्दल थोडं. कधीतरी जास्त झालेली दारू आणि दारूचा विकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निश्चित केलेल्या निकषांत अकरा लक्षणं आहेत: ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तीव्र ओढ लागणं, कामाधंद्याची आबाळ होणं, न प्यायल्यास त्रास होणं वगैरे. वर्षभरात यांपैकी दोन दिसली तरी विकार आहे असं म्हणतात. सहा किंवा जास्त असतील तर तो तीव्र समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ४० कोटी लोकांना हा विकार आहे, आणि २०१९ साली एकूण २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. उपचारांसाठी नोंद झालेल्या रुग्णांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तर त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत पुरुषांत तिपटीहून अधिक आणि स्त्रियांत साडेचारपट दिसतो. डेन्मार्क, फिनलंड आणि स्वीडनमध्ये या विकारासाठी रुग्णालयात दाखल झालेले लोक सर्वसाधारण लोकांपेक्षा २४ ते २८ वर्षं आधी मरण पावतात, असं २०१५ सालच्या एका अभ्यासात आढळलं.

हे मृत्यू कशाने होतात? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा यकृत येतं, आणि ते बरोबरच आहे. पण ऑंटारिओच्या अभ्यासात सर्वांत जास्त मृत्यू अपघात, आत्महत्या अशा बाहेरच्या कारणांनी झाले होते. यकृत निकामी व्हायला वर्षं लागतात. पडायला, बुडायला, औषधाच्या गोळ्या दारूसोबत घेऊन श्वास थांबायला एक रात्र पुरते. दारू मनावरचा लगाम सैल करते आणि निराशा गडद करते, त्यामुळे जो विचार एरवी टळला असता तो त्या रात्री टळत नाही.

आता पुन्हा त्या कपाळावरच्या खोकेकडे येऊ, कारण ‘प्यायलाय’ या एका शब्दाखाली बरंच काही झाकलं जातं. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांचा मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि त्याचं आवरण यांच्यामध्ये ज्या बारीक शिरा असतात, त्या या आकसण्यामुळे ताणल्या जातात आणि साध्या पडण्यानेही फाटू शकतात. त्यात यकृत बिघडलेलं असेल तर रक्त नीट गोठत नाही, प्लेटलेट्सही कमी असतात. रक्तस्राव हळूहळू साठत जातो. माणूस गुंगीत आहे, बडबडतो आहे, उलटी करतो आहे. हे सगळं दारूनेही होतं आणि मेंदूवर साठणाऱ्या रक्तानेही. वासावरून फरक कळत नाही. कळतो तो सीटी स्कॅनने, आणि तासातासाने पेशंटला उठवून पाहण्याने. दारू उतरत असताना माणूस अधिकाधिक जागा व्हायला हवा. तसा तो होत नसेल तर कारण दुसरं आहे.

साखरेचंही तसंच. उपाशीपोटी आपलं यकृत नव्याने साखर तयार करून मेंदूला पुरवत असतं. दारू पचवण्यात गुंतलेल्या यकृताला ते काम जमत नाही. दोन दिवस न जेवता पीत राहिलेल्या माणसाची रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तेव्हाही तो ‘झिंगलेला’च दिसतो. बोटाला सुई टोचून अर्ध्या मिनिटात हे कळतं.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र सकाळी सुरू होते. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेट यंत्रणेला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू याला उत्तर म्हणून उलट्या दिशेने जोर लावतो: ब्रेक हलके करतो, ॲक्सिलरेटर दाबून धरतो. दारू आहे तोवर समतोल राहतो. ती उतरली की फक्त दाबलेला ॲक्सिलरेटर उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, छाती धडधडते. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांदरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: भ्रम, भास, ताप, अनियंत्रित रक्तदाब. उपचार नव्हते त्या काळात यात एक तृतीयांशापर्यंत रुग्ण दगावत. नीट उपचार मिळाले तर हे प्रमाण १ ते ५ टक्क्यांवर येतं. म्हणजे ‘सकाळी उतरली की सोडून देऊ’ म्हणतात, तेव्हा कित्येकदा माणसाला बरोबर त्या धोक्याच्या तोंडाशी घरी पाठवलं जातं. रोज भरपूर पिणाऱ्याने जिद्दीला पेटून घरच्या घरी एकदम दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं ते यामुळेच. सोडायची जरूर, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्यांनी हे दिवस सुरक्षित पार पाडता येतात.

यात आणखी एक गुंता असतो. मुरलेल्या पिणाऱ्याच्या रक्तात इतकी दारू असू शकते की नवख्याचा श्वास थांबावा, तरी तो शुद्धीत राहून बोलतो. आणि त्याच रक्तात दारू शिल्लक असतानाच त्याला दारू उतरण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. त्यामुळे रक्तातल्या दारूचा आकडा एकट्याने फारसं काही सांगत नाही.

थायामिन या ब जीवनसत्त्वाबद्दल न लिहून चालणार नाही. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली तीन रुग्णांचं वर्णन केलं: गोंधळलेलं मन, डगमगती चाल, डोळ्यांची बिघडलेली हालचाल. पुढे कळलं की मूळ थायामिनच्या अभावात आहे. तिन्ही लक्षणं एकत्र मात्र थोड्याच रुग्णांत दिसतात. शवविच्छेदनांवरून असं दिसलं आहे की बहुसंख्य रुग्णांत जिवंतपणी हे निदान झालेलंच नसतं. गोंधळ आणि डगमगती चाल, दोन्ही पुन्हा ‘प्यायलाय’मध्येच जमा होतात. उपचार किती साधा! शिरेतून थायामिन. स्वस्त, जवळजवळ निर्धोक. वेळ गेली तर स्मृती कायमची जाऊ शकते.

आणि मग डिस्चार्ज. खरा हात पुढे करायचा तो इथे. १९९९ साली अमेरिकेतल्या एका ट्रॉमा सेंटरमधल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. दारूचा प्रश्न असलेल्या जखमी रुग्णांशी समुपदेशकाने एकदा, साधारण अर्धा तास, न रागावता बोलायचं, एवढाच उपचार. पुढच्या वर्षभरात पुन्हा इमर्जन्सीत किंवा ट्रॉमा सेंटरमध्ये आणणाऱ्या जखमा या गटात जवळपास निम्म्याने कमी झाल्या. तीव्र विकारात अर्ध्या तासाचं बोलणं पुरत नाही, हेही खरं. त्यासाठी औषधं आहेत. दारूतून मिळणारं सुख बोथट करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९९४ साली यासाठी मान्यता मिळाली, अकॅम्प्रोसेटला २००४ साली. २०१४ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार साधारण १२ जणांना अकॅम्प्रोसेट दिलं तर एक जास्तीचा माणूस पिण्याकडे परतत नाही. नाल्ट्रेक्सोनसाठी हा आकडा २० आहे. हृदयविकार टाळण्यासाठी रोज लिहिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांचे आकडे याहून कमजोर असतात. तरीही २०१९ साली अमेरिकेत हा विकार असलेल्यांपैकी जेमतेम १.६ टक्के लोकांना अशी औषधं मिळाली.

नाल्ट्रेक्सोनची पहिली गोळी, यकृताची तपासणी करून आणि अफूवर्गीय औषधं चालू नाहीत ना हे विचारून, इमर्जन्सीतूनच सुरू करता येते. थायामिन तिथेच देता येतं. जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारता येतं. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात शिरत नाही. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची वेळ ‘कधीतरी जा’ म्हणून न सोडता त्याच आठवड्यातली घेऊन देता येते. आणि तो माणूस चौथ्यांदा आला, तर केसपेपरवर पहिल्या ओळीत ‘चौथी खेप’ असं लिहिता येतं, जसं कोणी ‘दुसरा हार्ट ॲटॅक’ असं लिहील.