टर्बाइन, पंप, कॉम्प्रेसर: गणित एकच, मग कॉम्प्रेसरला एवढा उशीर का?

हे तिन्ही विषय बहुतेकजण तीन वेगळे चॅप्टर म्हणून शिकतात आणि तिथंच घोळ होतो, कारण मुळातलं गणित एकच आहे. 1750 च्या दशकात ऑयलर या गणितज्ञानं ते मांडून ठेवलंय: पाणी आत येताना त्याला किती फिरकी होती आणि बाहेर पडताना किती उरली, यातल्या फरकावर शाफ्टचा टॉर्क (फिरवायचा जोर) ठरतो. पाण्याची फिरकी काढून घेतली की टर्बाइन, त्याला फिरकी दिली की पंप, आणि पाण्याऐवजी हवेला दिली की कॉम्प्रेसर. बास.

टर्बाइनचं पटकन जमलं. 1827 मध्ये फ्रान्समध्ये फुर्नेरॉन या इंजिनिअरनं 6 हॉर्सपॉवरचं चालवून दाखवलं, एफिशियन्सी 80 टक्क्यांच्या आसपास.

पंपाची गोष्ट मला जास्त आवडते. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातल्या चाचणीत ॲपोल्डच्या पंपात तीन प्रकारची पाती लावून बघितली, तर सरळ त्रिज्येवरच्या पात्यांना 24 टक्के, सरळच पण तिरक्या बसवलेल्यांना 43 आणि मागे वळलेल्यांना 68 टक्के एफिशियन्सी मिळाली, म्हणजे फरक सगळा पात्याच्या आकाराचा! सरळ पातं पाण्याला जोरात भिरकावतं, मग तो वेग केसिंगमध्ये कमी करून त्याचं प्रेशर करावं लागतं आणि तिथं भोवरे होऊन बरीच एनर्जी वाया जाते.

खरी गोम इथंच आहे. टर्बाइनमध्ये प्रवाह जास्त प्रेशरकडून कमीकडे जातो त्यामुळे तो पात्याला धरून राहतो, पण पंप-कॉम्प्रेसरमध्ये त्याला वाढत्या प्रेशरविरुद्ध जायचं असतं, जरा जास्त वळवलं की तो पात्यावरून सुटतो. पार्सन्स या इंजिनिअरनं 1884 मध्ये स्टीम टर्बाइन केलं, प्रेशर टप्प्याटप्प्यानं उतरवायची आयडिया त्याचीच, पुढं त्यानं ॲक्सियल कॉम्प्रेसरही (ज्यात हवा शाफ्टच्या दिशेनं जाते) बनवले पण पाती स्टॉल व्हायची, म्हणजे हवा पात्यावरून सुटायची, आणि शेवटी नाद सोडावा लागला. 1926 मध्ये ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनिअरनं पात्याकडे विमानाच्या पंखासारखं बघा म्हणून थिअरी मांडली तेव्हा कुठं वाट सापडली.

1939 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नूशातेलला वीज बनवणारं गॅस टर्बाइन (कॉम्प्रेसरनं दाबलेल्या हवेत इंधन जाळून त्या गरम वायूवर टर्बाइन फिरवणारं यंत्र) आलं, त्यातही टर्बाइनची जवळपास तीन चतुर्थांश पॉवर कॉम्प्रेसरच खायचा, ग्रीडसाठी उरायचे 4 मेगावॉट. ॲक्सियल गॅस टर्बाइनचा कट-सेक्शन बघा, कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या रांगा भरपूर आणि टर्बाइनच्या मोजक्याच दिसतील, कारण प्रेशर चढवताना एका रांगेवर फार लोड टाकताच येत नाही.